छेद केवढा, हे शेवटी विचारा

गेल्या वर्षावासात एका रविवारी वंदना संपली, तेव्हा विहाराच्या पायरीवर एक भगिनी आमची वाट पाहत उभ्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत नवऱ्याची फाइल, अँजिओग्राफीची सीडी आणि रेशनकार्ड. नवरा मार्केट यार्डात हमाल, वय बावन्न, दहा वर्षांपासून शुगर.

"जयभीम ताई. तीन नळ्या बंद आहेत म्हणतात. योजनेतून केलं तर छाती उघडून करणार. अडीच लाख भरले तर बारक्या छेदातून करू, पंधरा दिवसांत माणूस कामाला जाईल, असं तिथल्या ऑफिसातल्या माणसानं सांगितलं. पोरीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला दोन लाख साठवलेत. ते मोडू का?"

असा प्रश्न आता आमच्याकडे वारंवार येतो. कोणी 'की-होल' म्हणते, कोणी 'दुर्बिणीतून', कोणी 'रोबोटने'. छाती उघडायची भीती सगळ्यांनाच असते आणि या भीतीवर पैसा मागणारेही असतात. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या वस्तीतल्या एका बंधूंनी महागड्या ऑपरेशनसाठी नातेवाइकांकडे हात पसरत सात आठवडे काढले. त्यांना डाव्या मुख्य नळीच्या तोंडाशीच ब्लॉकेज होते. पैसे जमले, पण माणूस राहिला नाही. ते बंधू योजनेत बसत होते. साध्या पद्धतीचे ऑपरेशन त्यांना फुकट मिळाले असते. त्यांचे दुःख मनात ठेवूनच आम्ही हा लेख लिहीत आहोत.

बायपास म्हणजे काय

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागते, आणि ते कोरोनरी नावाच्या बारीक धमन्यांतून येते. एक उजवी, एक डावी. डावीचे पुढे दोन फाटे होतात. त्यातला समोरून खाली उतरणारा फाटा म्हणजे एलएडी. हृदयाच्या सर्वांत मोठ्या भागाला तोच रक्त देतो, म्हणून डॉक्टर त्याला इतके जपतात.

या नळ्यांत चरबीचा थर साचला की रक्त अडते. आपल्या गल्लीतली पाण्याची लाइन चोंदली की प्लंबर काय करतो? चोंदलेला भाग तसाच ठेवतो आणि त्याच्या पुढे नवा पाइप जोडून देतो. बायपास तेच आहे. नवा पाइप आपल्याच शरीरातला असतो: छातीच्या आतून बरगड्यांमागून उतरणारी धमनी (हिला डॉक्टर लिमा म्हणतात), पायातली शीर किंवा हाताची धमनी. यात लिमाचे मोल सर्वांत जास्त. ती एलएडीला जोडली तर दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊहून जास्त जणांची उघडी सापडते. पायाच्या शिरेचे तसे नाही. दहा वर्षांत त्यातल्या जवळपास निम्म्या बंद होतात. म्हणून ऑपरेशनला किती पैसे लागले यापेक्षा लिमा लावली का, हे घरच्यांना माहीत असणे जास्त मोलाचे आहे.

नवे म्हणतात ते मुळात जुनेच

बारक्या छेदाची बायपास कालपरवा निघाली असे सांगून ती विकली जाते. प्रत्यक्षात १९६४ साली लेनिनग्राडमध्ये डॉ. वसिली कोलेसोव यांनी डाव्या बरगड्यांमधून छाती उघडून, हृदय चालू असतानाच लिमा धमनी कोरोनरीला शिवली होती. तेव्हा त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास केली आणि ती पद्धत जगभर गेली. हे फावालोरो मूळचे अर्जेंटिनाचे. त्याआधी सुमारे बारा वर्षे त्यांनी आपल्या देशातल्या एका खेड्यात गोरगरिबांची डॉक्टरकी केली होती.

पुढची दोन-अडीच दशके छातीचे मधले हाड उभे कापायचे, हार्ट-लंग मशीन लावून हृदय थांबवायचे आणि मग नळ्या जोडायच्या, हीच रीत झाली. १९९०च्या दशकात अर्जेंटिनाचे डॉ. बेनेट्टी, इटलीचे डॉ. कालाफिओरे आदींनी पुन्हा डाव्या बरगड्यांमधला छोटा मार्ग धरला. १९९८ साली युरोपात रोबोटच्या मदतीने बायपास झाली.

आज कोणकोणते प्रकार आहेत

पहिला, छाती उघडून आणि मशीन लावून. सर्वांत जुना, सर्वांत जास्त केला गेलेला. हृदय थांबलेले असल्याने सर्जनला निवांत शिवता येते आणि सगळ्या बाजूंच्या नळ्यांपर्यंत हात पोचतो.

दुसरा, छाती उघडून पण मशीनशिवाय. हृदय धडधडत असते आणि जिथे शिवायचे तेवढाच भाग एका उपकरणाने स्थिर धरतात. याला बीटिंग हार्ट म्हणतात. भारतात हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर होतो. लक्षात ठेवा, 'बीटिंग हार्ट' म्हणजे छोटा छेद नव्हे. इथे हाड कापलेलेच असते.

तिसरा, बारक्या छेदाचा. डाव्या स्तनाखाली दोन बरगड्यांच्या मध्ये साधारण दोन-अडीच ते तीन इंचांचा छेद घेतात. मधले हाड शाबूत राहते. यात बहुधा लिमा धमनी एलएडीला जोडतात, म्हणजे एकाच नळीचे काम होते. २००५च्या सुमारास न्यूयॉर्कचे डॉ. मॅक्गिन आणि पुढे कॅनडातल्या ओटावाचे डॉ. रुएल यांनी याच मार्गाने दोन-तीन नळ्या जोडण्याची पद्धत बसवली. काही ठिकाणी लिमा सोडवण्याचे काम रोबोटच्या हातांनी करतात. रोबोट आपल्या मनाने काही करत नाही. बाजूला बसलेला सर्जनच तो चालवतो.

चौथा, दोन्हींचा मेळ. छोट्या छेदातून एलएडीला लिमा आणि उरलेल्या नळ्यांना अँजिओप्लास्टीने स्टेंट. याला हायब्रीड म्हणतात.

निकाल काय सांगतात

जाहिरातीतला हसरा रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे. खरा पुरावा म्हणजे शेकडो-हजारो रुग्णांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गट करणे, एका गटाचे एक ऑपरेशन, दुसऱ्याचे दुसरे, आणि मग वर्षानुवर्षे दोघांवर लक्ष ठेवणे.

मशीन लावून की मशीनशिवाय, याचे असे दोन मोठे अभ्यास आहेत. 'कोरोनरी' नावाच्या अभ्यासात भारतासह १९ देशांतले ४,७५२ रुग्ण होते. मृत्यू, हार्ट अटॅक, लकवा, किडनी निकामी होणे असे सगळे धरले तर महिनाभरानंतर दोन्ही गट सारखेच होते आणि पाच वर्षांनीही सारखेच (२३.१ आणि २३.६ टक्के, यात पुन्हा ब्लॉकेज काढावे लागलेलेही धरले आहेत). अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या 'रूबी' अभ्यासात २,२०३ रुग्ण होते. तिथे पाच वर्षांत मशीनशिवायच्या गटात १५.२ टक्के आणि मशीनच्या गटात ११.९ टक्के मृत्यू झाले. फरक का पडला? पहिल्या अभ्यासात त्या-त्या पद्धतीत मुरलेल्या सर्जननाच घेतले होते. दुसऱ्यात शिकाऊ डॉक्टरांचाही हात होता. यातून आम्ही घेतलेला धडा साधा आहे: पद्धतीच्या नावापेक्षा ती कोणाच्या हातात बसली आहे, हे जास्त महत्त्वाचे.

बारक्या छेदाबाबत इतके मोठे अभ्यास झालेले नाहीत. पण मॅक्गिन आणि रुएल यांनी आपल्या पहिल्या ४५० रुग्णांचा हिशेब २००९ साली मांडला. त्यात ६ जण दगावले, म्हणजे शंभरात एकाहून थोडे जास्त. १७ जणांची छाती ऐन वेळी मधून उघडावी लागली. हा निकाल चांगला आहे. पण हे निवडून घेतलेले रुग्ण होते आणि करणारे त्या पद्धतीचे उस्ताद. हाड कापले जात नसल्याने छातीच्या हाडात पू होण्याचा धोका टळतो, रक्त कमी जाते, रुग्ण लवकर उठतो. रोजंदारीवाल्या घरात दोन महिने आधी कामाला जाता येणे ही छोटी गोष्ट नाही, हे आम्ही जाणतो. मात्र 'दुखत नाही' ही थाप आहे. बरगड्या ताणल्या जातात, तिथली नस दुखावते, त्यामुळे पहिले काही दिवस ठणका उलट जास्तही असू शकतो. आणि 'पंधरा दिवसांत हमाली' हे तर कोणत्याच पद्धतीत खरे नाही.

आणखी एक छोटा छेद आहे, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. पायाची शीर काढायला पूर्वी घोट्यापासून मांडीपर्यंत चिरायचे. आता ती दुर्बिणीतून दोन-तीन लहान छेदांतून काढता येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ११५० रुग्णांच्या अभ्यासात हृदयाचा निकाल दोन्हीकडे सारखाच राहिला. पायाची जखम चिघळण्याचे प्रमाण मात्र ३.१ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले. वॉर्डात ड्युटी करताना आम्ही शुगरवाल्या रुग्णांच्या छातीपेक्षा पायाचेच ड्रेसिंग जास्त दिवस केले आहे. म्हणून ही सोय तिथे आहे का, हे जरूर विचारा.

कोणाला चालते, कोणाला नाही

एकच एलएडी बंद आहे, ब्लॉकेज स्टेंटजोगे नाही, फुप्फुसे चांगली आहेत, ऑपरेशन ठरवून करायचे आहे, अशा रुग्णाला बारका छेद छान. आमच्या ओळखीचे एक रिक्षाचालक बंधू असेच. धर्मादाय रुग्णालयात सवलतीच्या खाटेवर ऑपरेशन झाले आणि सहाव्या आठवड्यात डॉक्टरांच्या परवानगीने त्यांनी हँडल धरले.

अटॅक चालू असताना, रक्तदाब कोसळलेला असताना हा मार्ग नाही. नळ्या फार बारीक किंवा लांबवर खराब असतील, हृदयाचे पंपिंग खूपच कमी असेल, डाव्या छातीचे आधी ऑपरेशन झाले असेल तर सर्जन नको म्हणतात. आपल्या वस्त्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची: या ऑपरेशनात डावे फुप्फुस काही वेळ मिटवून ठेवतात आणि रुग्ण एकाच फुप्फुसावर असतो. ज्यांना पूर्वी टीबी झाला, ज्यांनी वर्षानुवर्षे दगडाच्या खाणीत किंवा गटारात काम केले, बिडी ओढली, त्यांना ते झेपेलच असे नाही. जुना टीबी लपवू नका. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही, पण लपवले तर जीव जाऊ शकतो.

शुगर असलेल्या आणि अनेक नळ्या बंद असलेल्या रुग्णांसाठी आणखी एक अभ्यास सांगतो. २०१२ साली आलेल्या 'फ्रीडम' अभ्यासात असे १,९०० रुग्ण होते. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा लकवा स्टेंटवाल्यांपैकी २६.६ टक्क्यांना, तर बायपासवाल्यांपैकी १८.७ टक्क्यांना गाठून गेला. म्हणजे शुगरवाल्याने 'कापाकापी नको' म्हणून चार-चार स्टेंट टाकून घेणे बहुधा शहाणपणाचे नाही. बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांत मधुमेहाने त्यांना किती छळले, हे आपण वाचतो. पण आपल्या घरातली शुगर आपण किती वेळा तपासतो?

भगिनींसाठी एक शब्द. छातीत कळ येण्याऐवजी बाईला पुष्कळदा धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळते. ती ॲसिडिटी म्हणून सोडा पिते आणि सगळ्यांचे जेवण उरकूनच दवाखान्यात जाते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. असे दुखणे अचानक आले तर १०८ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

डॉक्टरांना हे विचारा

फाइल घेऊन जाताना वहीत लिहून न्या. विचारणे हा अपमान नाही, तो आपला हक्क आहे.

१. ऑपरेशन किती घाईचे आहे? आज, आठवड्यात, की महिनाभर थांबता येईल?
२. किती नळ्या बंद आहेत आणि तुम्ही सांगता त्या पद्धतीने सगळ्यांना रक्त पोचेल का?
३. लिमा धमनी लावणार ना?
४. ही पद्धत तुम्ही स्वतः किती जणांवर केली? किती जणांची छाती ऐन वेळी मधून उघडावी लागली?
५. माझ्या शुगरला, फुप्फुसाला, वजनाला ही पद्धत योग्य का?
६. योजनेत हे होते का? नसेल तर का नाही?

छेद केवढा, हा सातवा प्रश्न. पहिल्या सहांची उत्तरे समाधानाची मिळाली तरच तो विचारा. आणि पैसे भरायला सांगणारा डॉक्टर नसून ऑफिसातला माणूस असेल, तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या रुग्णालयात फाइल दाखवाच.

पैशाचे काय

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत बायपास आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पूर्वमंजुरी आल्यावर ऑपरेशन कॅशलेस होते. मंजूर उपचारासाठी वरून पैसे मागितले तर देऊ नका, १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा.

योजनेत नसलेल्या मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयांतही मार्ग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. ही भीक नव्हे. जमीन, कर यांच्या सवलती घेऊन त्यांनी मान्य केलेली ती जबाबदारी आहे. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. मुंबईत केईएम, जेजे, नागपुरात सुपर स्पेशालिटी अशा सरकारी-महापालिकेच्या रुग्णालयांत अशी ऑपरेशने होतात. रांग लांब असते, हे खरे. म्हणूनच निदान झाल्या दिवसापासून रांगेत लागायचे.

घरी आल्यावर

छातीचे हाड सांधायला सहा ते आठ आठवडे आणि भक्कम व्हायला साधारण तीन महिने लागतात. या काळात हंडा, बादली, सिलिंडर, नातवंड काहीही उचलायचे नाही. हातावर भार देऊन उठायचे नाही. सार्वजनिक शौचालयात उकिडवे बसून उठताना नेमके हेच होते. भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची किंवा कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. तीन गोळ्यांचे श्वासाचे यंत्र दिवसातून अनेकदा ओढा. बारका छेद असला तरी निदान महिनाभर जड काम नाही. रुग्ण बाई असेल तर पहाटेचे पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार, हे ऑपरेशनच्या आधीच घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावे.

विनयपिटकात जीवकाची एक गोष्ट आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्याचे ऑपरेशन करण्याआधी त्याने विचारले, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने झोपशील का? श्रेष्ठी हो म्हणाला. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी सातव्या दिवशीच कंटाळला. एकवीस दिवसांत तो बरा झाला. जीवक म्हणाला, मला एकवीस दिवसच हवे होते, पण तेवढेच सांगितले असते तर तू तेवढेही पडून राहिला नसतास. अडीच हजार वर्षे झाली, रुग्ण तसाच आहे.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, छातीचे हाड हलल्यासारखे कट्‌कट्‌ वाजणे, धाप, यातले काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ॲस्पिरिन आणि चरबीची गोळी बरे वाटते म्हणून बंद करायची नाही. बिडी, गुटखा, मशेरी कायमची बंद. पाचवे शील घेताना आपण दारूचा विचार करतो. बायपास झालेल्या घराने त्यात तंबाखूही धरावी. नवी नळी घातली आणि तोंडात पुडी ठेवली, तर ती नळीही बंद होणार.

त्या घराचे पुढे काय झाले

त्या भगिनींबरोबर आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. सर्जननी सीडी पाहिली, छातीचा एक्स-रे पाहिला. यांना तरुणपणी टीबी झाला होता, डावे फुप्फुस आक्रसलेले आहे, बारका छेद यांच्यासाठी नाही, असे सरळ सांगितले. पहिल्या ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. योजनेतून, छाती उघडून, चालत्या हृदयावर तीन नळ्या जोडल्या. लिमा एलएडीला. नवव्या दिवशी ते घरी आले. पाठीवर पोती वाहणे मात्र संपले. चार महिन्यांनी त्याच यार्डात वजनकाट्यावर नोंदी करायचे काम मिळाले. मजुरी कमी आहे, पण घर उभे आहे.

दोन लाख मोडले नाहीत. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा वडिलांच्या टाक्यांवरून बोट फिरवत तिने आम्हालाच विचारले, "ताई, लिमा नेमकी कुठून काढतात?" आम्ही तिला दाखवले.

तुमच्या घरी अशी फाइल असेल तर ती कपाटात ठेवू नका. रविवारी वंदनेनंतर घेऊन या. पैसे भरण्याआधी या. जयभीम, नमो बुद्धाय.